घेवडा भरलेल्या पिशव्या

३ मार्च

प्रिय खारूताई,

अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. डोळ्यावरची पट्टी निघाल्याला आज सोळा दिवस झाले, म्हणजे एवढं तुला दिसायला हवं. पत्र भाच्याला वाचायला देऊ नकोस. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाच्या चुका तू पोटात घालतेस, तो मोजत बसेल.

फोनवर तू येत नाहीस. काल तुझा मुलगा म्हणाला, मामा, आई झोपली आहे. सकाळचे अकरा वाजले होते. अकरा वाजता झोपणारी बाई तू नव्हेस. खरंच आजारी असलीस तर तसं कळव, म्हणजे मी त्याची वेगळी काळजी करीन. रागावली असलीस तर तसं कळव. दोन्ही काळज्या एकाच वेळी करायचं आता वय राहिलं नाही.

इकडे सगळं ठीक. तू गेल्यापासूनच्या नऊ दिवसांत मी दोनदा दुपारी गॅस बंद आहे का ते बघायला बाजारातून परत आलो, दोन्ही वेळा बंद होता. माझ्या वाफ्यातला झेंडू फुलला आहे, एका ओळीत, एका उंचीचा. टोमॅटोला काठ्या लावल्या. पाणी सहा वाजता, मापाने, झाडामागे एक तांब्या. तू म्हणायचीस की दादाची झाडं शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी दिसतात. दिसू देत. चाळीस वर्षं लोकांच्या बाह्या सारख्या कापल्या, आता झाडं वाकडी लावू म्हटलं तरी हात ऐकत नाही.

शेजारच्या मास्तरांनी नवीन पुस्तक आणलं आहे. त्यात लिहिलंय तसं त्यांनी प्रत्येक कुंडीत एक पाटी खोचली आहे, नाव, तारीख, खत किती चमचे. परवा एका कुंडीत पाटी होती आणि झाड नव्हतं. ते म्हणाले, पुस्तकाप्रमाणे गुरुवारी उगवायला हवं. गुरुवार होऊन गेला होता.

गच्चीवरचे थोडे जुने डबे हलवले आहेत, ते तू पाहिलंसच. आता वर कशी मोकळी हवा येते.

उत्तर लिही. दोन ओळी चालतील.

तुझा दादा

१२ मार्च

प्रिय खारूताई,

मागच्या पत्रात मी 'थोडे डबे हलवले' असं लिहिलं. ते वाचून तू नाक उडवलं असशील. थोडे नव्हते. अकरा तेलाचे डबे, सहा बादल्या, फुटका टब, ज्यात तू पुदिना लावला होतास तो माझा जुना बूट आणि त्याचा जोडीदार. सगळं भंगारवाल्याच्या गाडीवर चढवलं. माती पोत्यात भरून खाली आणली. आणि ते वाळलेले वेल उपटून, गुंडाळून, मागे जाळले.

तू काळा चष्मा लावून वर गेलीस. मी मागोमाग होतो, पायरी चुकशील म्हणून. तू गच्चीच्या दारात उभी राहिलीस आणि विचारलंस, "दादा, वाळलेला घेवडा कुठे आहे?"

मी म्हणालो, "तो कचरा होता."

त्यावर तू बोलली असतीस तर बरं झालं असतं. तू लहानपणापासून बोलणारी. घेवड्याशी बोलतेस, बादलीशी बोलतेस, नळाला शिव्या देतेस. त्या दिवशी कठडा धरून खाली आलीस, पिशवी भरलीस आणि दुसऱ्या दिवशी भाच्याच्या गाडीत बसलीस. गाडीची काच सुद्धा खाली केली नाहीस.

मी तरी काय समजायचं होतं ते सांग. ऑपरेशनला जाताना तूच म्हणालीस, घेवड्याला पाणी घालू नकोस. पाणी घालू नकोस म्हणजे तो संपला, असा मी अर्थ घेतला. शेंगा तपकिरी झाल्या होत्या, पानं चुरमुरत होती. लोंबता दोरा दिसला की माझा हात कात्रीकडे जातो हे तुला माहीत आहे. माझी झाडं मी कधी वाळेपर्यंत ठेवली नाहीत. कोमेजली की काढली, नवीन रोपं आणली. शेंग वेलावर वाळू द्यायची, मग त्यातलं बी घ्यायचं, हे मी उभ्या जन्मात स्वतः केलेलं नाही. ते काम आधी आईचं आणि मग तुझं.

मास्तरांना विचारलं, असा पांढरा, वर जांभळे ठिपके असलेला घेवडा बियाणांच्या दुकानात मिळेल का. त्यांनी पुस्तक चाळलं. सतरा जाती निघाल्या, तो नव्हता. मग मी दुकानात गेलो. दुकानदाराने पाकिटं दाखवली, हिरवा, पिवळा, बुटका. मी म्हटलं, आमच्या आईने माहेराहून रुमालात बांधून आणलेला. तो म्हणाला, आजोबा, तो तुमच्याचकडे असणार.

तू दरवर्षी सगळं बी पेरून टाकायचीस. राखून ठेवलं तर भुंगा खातो, मातीत असलेलं बरं, म्हणायचीस. म्हणजे जे होतं ते त्या वेलांवरच होतं, आणि ते मी जाळलं. साठ-सत्तर वर्षं जे दोघींनी चालवलं ते एका सकाळी, अंघोळीच्या आधी.

आता तुला सगळं सांगून झालं.

दादा

२ एप्रिल

खारूताई,

सगळं सांगून झालं नव्हतं, पण ते नंतर. आधी ही बातमी वाच.

काल मशीन बाहेर काढलं. दुकान बंद केल्यापासून ते जिन्याखाली होतं. तुझ्या खोलीचा पडदा उसवला आहे, तो शिवावा म्हटलं. तू नाहीस तर पडदा कुणासाठी, असं विचारू नकोस. मशीनच्या खणात बोटात घालायचं अंगुस्तान सापडलं, खडू सापडला आणि खाली आपल्या वजनाच्या चार पिशव्या.

आठवतात ना? कापड बेतताना सरकू नये म्हणून वर ठेवायच्या, मुठीएवढ्या. मी नवीन दुकान टाकलं तेव्हा लोखंडी वजनांचे डाग पहिल्याच गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडावर पडले. मी रडकुंडीला आलो होतो. आईने तेव्हा अस्तराच्या तुकड्यांच्या पिशव्या शिवल्या आणि आत घेवडा भरला. पुढे त्या पोकळ लागायला लागल्या की तू उसवायचीस, भुंग्याने खाल्लेला फेकायचीस, नवा भरायचीस. मी म्हणायचो वाळू भर, एकदाचं काम होईल. तू म्हणायचीस, वाळूच्या वजनाखाली शिवलेला सदरा कुणाला शोभायचा नाही. शेवटच्या भरल्यास त्याला चार वर्षं झाली. त्यानंतर सहा महिन्यांत मी दुकान बंद केलं.

हातात घेतली तशी पहिली पिशवी पिठासारखी बसली. दुसरी तशीच. तिसरीतून भुसा गळाला. चौथी हलवली आणि ती वाजली.

टाका तुझा होता, म्हणून उसवायला जिवावर आलं. पण उसवली. बहुतेक दाण्यांना भोकं होती. बशीत पसरून, चष्मा लावून, एकेक फिरवून बघितला. अकरा निघाले धड. पांढरे, जांभळ्या ठिपक्यांचे, जरा पिवळट पडलेले. माझ्याही दातांचा रंग तसाच झाला आहे.

आजच पेरतो. माझ्या वाफ्यात, सगळ्यात चांगल्या मातीत, टेपने मोजून नऊ-नऊ इंचांवर. झेंडू काढून जागा केली. फुललेला झेंडू मी काढला, हे लक्षात घे.

दादा

१४ एप्रिल

खारूताई,

वाईट बातमी अर्धी आहे. पूर्ण वाचल्याशिवाय कागद टाकू नकोस.

अकराच्या अकरा एकदम पेरायची हिंमत झाली नाही. सहा पेरले, पाच काडेपेटीत ठेवले. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, उलटे तर पडले नाहीत? एक उकरून पाहिला. ठीक होता, परत पुरला. मग वाटलं, बाकीच्यांचं काय. चौथ्या दिवशी सगळे बघितले. पाणी कमी पडेल अशी भीती होती म्हणून सकाळी तांब्या आणि संध्याकाळी तांब्या. सहाव्या दिवशी एकाला पांढरा कोंब दिसला. जीव हरखला. तो नीट सरळ उभा करून मी परत पुरला. दुसऱ्या दिवशी बघितलं तर कोंब तुटलेला. माझ्याच बोटाने. बाकीचे पाच कुजून बोटाला चिकटले.

मास्तर म्हणाले, पुस्तकात बुरशीवरची पावडर दिली आहे, ती आधी घालायला हवी होती. माझे पाच दाणे मागत होते, त्यांच्या पद्धतीने लावून दाखवतो म्हणाले. मी काडेपेटी सदऱ्याच्या खिशात ठेवून बटण लावलं.

हे पाच मी पेरणार नाही. माझ्या हाताखाली ते जगणार नाहीत. टपालानेही पाठवणार नाही, शिक्का मारताना चेचतील. तुझ्याकडे तिथे भाच्याच्या घरी बाल्कनी आहे, इस्त्रीच्या टेबलाएवढी, आणि सूनबाईंनी तिथे प्लॅस्टिकचं गवत अंथरलं आहे, ते मी पाहिलं आहे. ते गवत ती धुते. तिलाही नावं ठेवत नाही, प्रत्येकाची आपली तऱ्हा.

तेव्हा मी काय करू एवढं कळव. रागाने कळवलंस तरी चालेल.

दादा

२७ एप्रिल

खारूताई,

तुझं कार्ड आलं. पोस्टमन गेल्यावर दार लावून वाचलं. एवढ्या मोठ्या कार्डावर दोनच वाक्यं. 'उकरू नकोस. उरलेले पाच माझ्या बादलीत लाव आणि तिकडे बघू नकोस.'

दादा सुद्धा लिहिलं नाहीस. पण अक्षर सरळ आहे, ओळ कार्डाबाहेर गेलेली नाही, म्हणजे डोळा चांगला झाला. तेवढी एक काळजी खाली ठेवली.

बादली कुठून आणली असं मनात येईल. भंगारवाल्याच्या गाडीवरून मी एक परत उतरवून घेतली होती, निळी, पोचा आलेली, बुडाला भोक असलेली. मला तेव्हा कारण सांगता आलं नाही. भंगारवाल्याने विचारलं, हिचं काय करणार? मी म्हटलं, कपडे भिजवायला. भोक असलेल्या बादलीत.

तिच्यात तुझीच पोत्यातली माती भरली. टेप घेतला नाही. डोळे मिटून पाच दाणे टाकले, वर मूठभर माती, एकदा पाणी आणि बादली जिन्याच्या पायथ्याशी ठेवून आत आलो. तुझ्यासारखं तिच्याशी काहीतरी बोलावं असं वाटलं. 'बरं आहे मग' एवढंच सुचलं.

तिकडे बघायचं नाही, हे काम मात्र मला एकट्याला झेपणारं नाही. म्हणून मास्तरांना गळ घातली. त्यांनी रोज सकाळी आपल्या भिंतीवरून डोकवायचं, उगवलेले किती ते बोटांनी दाखवायचं आणि तोंडाने अवाक्षर काढायचं नाही. पाणी एक दिवसाआड तेच घालतात, नळीने, भिंतीपलीकडून. मी तेव्हा स्वयंपाकघरात पाठ करून उभा असतो. नऊ दिवस मास्तरांनी नुसती मूठ दाखवली. मला त्या मुठीची स्वप्नं पडायला लागली.

आज सकाळी मास्तरांनी दोन बोटं वर केली.

मी चहा सांडला.

दादा

१६ जून

प्रिय खारूताई,

शेवटी दोनच आले. त्यातला एक मधेच बसला, दुसरा वाढतो आहे. पाचव्या पानापासून मला बघायला मोकळीक आहे असं मीच ठरवलं, तू काही कळवलं नाहीस म्हणून.

मी त्याला काठी लावली. सरळ, गुळगुळीत, चांगली सहा फुटी, आणि मऊ नाडीने बांधला. दोन दिवसांत त्याने काठीकडे पाठ फिरवली आणि जिन्याचा कठडा धरला. सोडवून परत काठीवर घेतला. परत कठडा. तिसऱ्यांदा सोडवायला गेलो तेव्हा तुझा आवाज ऐकू आल्यासारखं झालं, नाडी सोडून दिली आणि काठी टोमॅटोला दिली.

कठडा म्हणजे नवा कठडा. मागे लिहिलं होतं की सगळं सांगून झालेलं नाही, ते हे.

तुला ऑपरेशनला घेऊन जायला भाचा आला, तेव्हा तू वर आवरत होतीस. तो जिन्यात उभा राहून मला म्हणाला, मामा, हा जिना, हे डबे, या बादल्या, यातून ती रोज पाण्याचे तांबे घेऊन फिरते. एक दिवस पडेल. डोळा झाला की आता मी तिला तिकडेच ठेवून घेणार. त्याचं चुकलं होतं असं नाही. आई आहे त्याची.

तुम्ही गेल्यावर मी तीन आठवडे तेच घोकत होतो. गच्ची स्वच्छ केली, वाट मोकळी केली, पायात यायला काही ठेवलं नाही, तर त्याला न्यायला कारण उरणार नाही. म्हणून केलं सगळं. टापटिपीसाठी केलं असं मी तुला भासवलं, कारण टापटिपीवरून आपण पन्नास वर्षं भांडतो, ते सोपं जातं. तू जाऊ नयेस म्हणून केलं हे तोंडावर सांगणं मला जमलं नाही. आणि नेमकं त्याच्यामुळेच तू गेलीस.

यात माफी मागण्यासारखं असेल तर ती मागतो आहे. कशी लिहितात ते शाळेत शिकवेपर्यंत मी राहिलो नाही.

तर कठडा. सुताराला बोलावून दोन्ही बाजूंनी करून घेतला. पूर्वी एकच होता, तोही हलायचा. तुझ्या हाताची उंची मला पाठ आहे, तुझे झंपर मीच शिवायचो. त्या मापाने केला. पायऱ्यांच्या कडांना पांढरा पट्टा मारला, डोळ्याला कळावं म्हणून. कठड्याला रंगाचा दुसरा हात द्यायचा होता, पण तोवर घेवडा उजव्या बाजूने चार पायऱ्या चढून गेला. आता उजवी बाजू एकाच हातावर राहील.

भाच्याला हे सांग किंवा सांगू नकोस. येऊन बघ म्हणावं, हलतो का.

दादा

९ ऑगस्ट

खारूताई,

हे पत्र घाईचं आहे. पानं पिवळी पडताहेत.

गेला महिनाभर वेल कसा होता ते तुला लिहायचं राहिलं. जांभळी फुलं आली, शेंगा धरल्या, मी मोजल्या नाहीत. खरं म्हणजे मोजल्या, एकोणीस. कोवळ्या होत्या तेव्हा मास्तरांनी आडून आडून विचारलं, भाजीला चार मिळतील का. मी दहा दिवस त्यांच्याशी नीट बोललो नाही.

आणि आता खालची पानं पिवळी, दोन शेंगा सुरकुतल्या. मास्तर म्हणतात फवारा मारू. मी म्हणतो पाणी वाढवू. दोघेही हात मागे बांधून उभे आहोत, तुझं कार्ड येईपर्यंत. पुढच्या टपालाने पाठव. फोन केलास तर अजून बरं, मी दिवसभर घरातच आहे.

दादा

१७ ऑगस्ट

खारूताई,

तुझा फोन आला. सहा महिन्यांनी आवाज ऐकला. तू मात्र सुरुवातच अशी केलीस की जणू काल संध्याकाळी बोलणं अर्धं राहिलं होतं. "दादा, तो मरत नाहीये, पिकतोय. पाणी बंद कर आणि कात्री लपव."

कात्री मास्तरांकडे दिली. शिवणाची, झाडांची आणि नखं कापायची पण.

मग तू विचारलंस, कठड्याचा रंग कोणता. मी म्हटलं हिरवा. तू म्हणालीस, अगं बाई, म्हणजे वेल दिसणारच नाही. आणि हसलीस. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तिथेच उभा होतो, गॅस चालू ठेवून. दूध उतू गेलं. त्याचं काही वाटलं नाही.

दादा

४ सप्टेंबर

प्रिय खारूताई,

तुझं कार्ड मिळालं. रविवारी भाचा तुला सोडायला येतो आहे आणि जिना स्वतः तपासल्याशिवाय परत जाणार नाही, हे वाचलं. तपासू दे. दोन दिवस मी रोज दहा वेळा कठड्याला लोंबकळून पाहतो आहे.

आधी सांगून ठेवतो, म्हणजे आल्यावर धक्का बसायला नको. गच्ची अजून मोकळीच आहे. भंगारवाल्याकडून चार डबे परत आणले, तेवढेच उरले होते. भिंतीच्या कडेने ठेवले आहेत. सरळ ओळीत ठेवले होते, मग एक जरा पुढे सरकवला. मधली वाट तीन फूट, ती मात्र मी सोडणार नाही, त्यावरून भांडायचं असेल तर तयारीने ये.

बूट मिळाला नाही. दुसरा जोड आहे, अजून घालण्यासारखा. त्यातला डावा वर नेऊन ठेवला आहे.

वजनाच्या पिशव्या मी नव्या शिवल्या. चारही रिकाम्या आहेत. बेतायला आता कापड नाही, तरी प्रत्येकीचं तोंड उघडं ठेवून तुझ्या उशाशी ठेवल्या आहेत. किती पेरायचं आणि किती भरायचं ते तू बघ.

वेल पूर्ण वाळला. पानं गळाली, दोरखंडासारखा कठड्याला लटकला आहे. दिसायला अगदी घाणेरडा दिसतो, खोटं कशाला बोलू. येणारा-जाणारा विचारतो, हे काढत का नाही? शेंगा तपकिरी झाल्या आहेत, वारा आला की आत दाणे वाजतात. दुपारी मी जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून ऐकत बसतो. हात मांडीखाली ठेवून.

वर चढताना डावा कठडा धर. उजव्या बाजूला तो आहे. मी हात लावलेला नाही.

तुझा दादा